पुसू नये

(दहावी, मार्च १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



समितीचा फोन आला तेव्हा मला सांगण्यात आलं, "तू कॉम्प्युटरमध्ये आहेस, तर पंधरा मिनिटं त्याच्यावर बोल. पण सगळ्यांना समजेल असं." मी विचारलं, नेमकं कशावर? उत्तर आलं, "तू दिवसभर जे करतेस त्याच्यावर." आता मी दिवसभर जे करते ते माझ्या सासूबाईंनाही इतक्या वर्षांत कळलेलं नाही. त्यांना एवढंच दिसतं की सूनबाई काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करते आणि मधेच स्वतःशी बोलते. म्हणून आज त्या काळ्या पडद्याबद्दलच बोलते. काळा पडदा, पांढरी अक्षरं. काही आठवलं का? मला तर रोज आपला फळा आठवतो.

आपल्या गणिताच्या सरांची एक सवय तुम्हाला आठवत असेल. भूमितीचं प्रमेय अर्ध्यावर असताना तास संपायचा. सर फळा पुसायचे नाहीत. अपुऱ्या प्रमेयाभोवती खडूने चौकट आखायचे आणि कोपऱ्यात लिहायचे, "पुसू नये". पुढच्या तासाच्या बाई आल्या तरी उरलेल्या जागेत लिहायच्या. सकाळच्या सत्रातली लहान मुलं त्याच वर्गात बसायची, तीही त्या चौकटीला हात लावायची नाहीत. दुसऱ्या दिवशी सर यायचे आणि "हं, काल कुठे होतो आपण?" असं म्हणत बरोबर त्याच पायरीवरून पुढे सुरू करायचे. आज मी जे सांगणार आहे, ते सगळं या दोन शब्दांत आहे. बाकीचा तपशील आहे.

आधी काळा पडदा म्हणजे काय ते सांगते. त्याला टर्मिनल म्हणतात. युनिक्स नावाची प्रणाली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ साली सुरू झाली. तेव्हा एक मोठं यंत्र असायचं आणि माणसं त्याला जोडलेल्या टाइपरायटरसारख्या यंत्रांवर बसून हुकूम द्यायची. उत्तर कागदावर छापून यायचं. पुढे कागद गेला, पडदा आला, पण पद्धत तीच राहिली. इथे लिहा, काम तिकडे होईल. आजही मोठ्या संगणकांवर काम करणारा माणूस सहसा त्या संगणकासमोर बसलेला नसतो. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक बनवला, तो आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पाठ केला होता. अशी यंत्रं एका थंड खोलीत असतात आणि वापरणारे गावोगावी. मधे असते ती तार. आणि तार म्हटली की आपल्या भागातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो.

माझ्याही आला. २००७ सालची गोष्ट. मी नोकरीत नवीनच होते. इकडे नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून शहाद्याला आले होते. काम मात्र थांबवता येत नव्हतं. काही लाख नोंदी जुन्या जागेवरून नव्या जागी हलवायच्या होत्या, सहासात तासांचं काम. रात्री जेवून मी टेलिफोनच्या तारेवरच्या इंटरनेटने तिकडच्या यंत्रावर शिरले आणि काम सुरू केलं. तीन तास ठीक चाललं. मग लाईट गेली. ते भारनियमनाचे दिवस होते, लाईट जाणं ही बातमी नव्हतीच. मी मेणबत्ती लावून शांतपणे बसले. मनात म्हटलं, लाईट आपल्याकडची गेली आहे, यंत्र तर तिकडे आहे. तिकडे काम चालूच असेल.

लाईट आली, पुन्हा जोडणी केली, आणि बघते तर काम मेलेलं. अर्ध्या नोंदी जुन्या घरात, अर्ध्या नव्या घरात. शनिवार-रविवार दोन सहकारी याद्या जुळवत बसले आणि शेवटी आधीची प्रत परत चढवावी लागली. चूक माझीच होती, ते काम तसं उघड्यावर सुरू करायलाच नको होतं. पण सोमवारी मला जे ऐकवलं गेलं ते चुकीबद्दल नव्हतं. "तुमच्याकडून काम होत नसेल तर तिकडे जात जाऊ नका." तिकडे म्हणजे इकडे. नानांच्या डोळ्यावर पट्टी होती आणि मला सांगितलं जात होतं की घर किंवा नोकरी, एक निवड.

आता काम मेलं का? याचं उत्तर ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. आपण दहावीत असताना बसस्टँडजवळच्या एसटीडी बूथवर जायचो. लाल आकड्यांचं मीटर पळायचं आणि फोन ठेवला की थांबायचं. युनिक्सही फोनच्या तारांवर वाढलं. पलीकडच्या माणसाने फोन ठेवला असं कळलं की युनिक्स त्या माणसाने सुरू केलेल्या सगळ्या कामांना एक इशारा पाठवतं. त्या इशाऱ्याचं नावच हँगअप, म्हणजे फोन ठेवला. काम करणाऱ्या प्रोग्रॅमने वेगळी काही सोय केलेली नसेल तर तो इशारा मिळताच तो मरतो. मालक गेला, आता कोणासाठी चालायचं, असा त्यामागचा विचार. एके काळी तो बरोबरही होता, कारण यंत्राचा वेळ महाग होता. पण यंत्राला हे कळत नाही की मालकाने फोन ठेवलेला नाही, त्याच्या गावची लाईट गेली आहे.

त्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या एका सहकाऱ्याने, सोलापूरकडचा होता, खुर्ची ओढली आणि म्हणाला, "ताई, तुम्ही स्क्रीन वापरत नाही का?" मला वाटलं चेष्टा करतोय. स्क्रीन तर समोरच होती. पण स्क्रीन हे एका प्रोग्रॅमचं नाव आहे. १९८७ साली बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या ऑलिव्हर लाउमान आणि कार्स्टेन बोरमान या दोघांनी तो लिहिला. त्याच्यासारखाच दुसरा, टीमक्स, निकोलस मॅरिअट यांनी २००७ साली सुरू केला. म्हणजे माझं काम मेलं त्याच वर्षी. आज मी टीमक्सच वापरते. दोन्ही फुकट आहेत.

हे करतात काय, तर "पुसू नये" अशी चौकट आखतात. तिकडच्या यंत्रावर टीमक्सचा एक राखणदार बसतो. तुमचं काम तुमच्या तारेला जोडलेलं नसतं, त्या राखणदाराला जोडलेलं असतं. तुम्ही फक्त खिडकीतून बघता. तार तुटली तर खिडकी बंद होते, हँगअपचा इशारा त्या खिडकीपुरताच पोहोचतो. आतला राखणदार तसाच, काम तसंच. तुम्ही तासाने या, नाहीतर चार दिवसांनी या, पुन्हा खिडकी उघडली की पडद्यावर जिथे होतं तिथेच सगळं. मधल्या वेळात जे छापलं गेलं तेही मागे सरकवून वाचता येतं, टीमक्स मुळात २००० ओळी लक्षात ठेवतो आणि तो आकडा वाढवताही येतो.

करायचंही फार काही नाही. आपल्यातले जे या धंद्यात आहेत आणि अजून वापरत नाहीत, त्यांच्यासाठी सांगते. टीमक्स न्यू, डॅश एस, आणि पुढे एक नाव. नाव द्याच. मी पिकांची नावं देते, केळी, पपई, मिरची. काम सुरू केलं की कंट्रोल आणि बी एकत्र दाबायचं, सोडायचं, मग डी. तुम्ही बाहेर, काम आत. परत यायचं तर टीमक्स अटॅच, डॅश टी, मिरची. झालं. कोणती चौकट चालू आहे ते आठवत नसेल तर टीमक्स एलएस म्हटलं की यादी येते.

नानांना मी हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे विहिरीवरच्या मोटरीला ऑटो स्विच बसवलास." शेतीला थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री दोनला उठून मोटर चालू करायला जायचं ते ऑटो स्विचने वाचलं. उपमा छान आहे, पण एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. ऑटो स्विच लाईट आली की मोटर पुन्हा सुरू करतो. टीमक्स तसं करत नाही. तुमच्याकडची लाईट गेली तर तो काम जगवतो. तिकडचं यंत्रच बंद पडलं तर राखणदारही जातो आणि चौकटही जाते. फळाच भिंतीवरून काढून नेला तर "पुसू नये" लिहून काय उपयोग? म्हणून काम टप्प्याटप्प्यात करायचं, प्रत्येक टप्पा झाला की त्याची नोंद फाईलमध्ये ठेवायची. २००७ साली मी टप्पे केले असते तर स्क्रीन नसतानाही एवढं नुकसान झालं नसतं. हे मी स्वतःला आजही सांगते.

आता यातला दुसरा भाग, जो मला जास्त आवडतो. एका चौकटीला दोन खिडक्या उघडता येतात. मी पुण्यात, दुसरा माणूस कुठेही, दोघांना तोच पडदा दिसतो, अक्षर उमटतं तसं. आणि दोघांनाही लिहिता येतं. सर एखाद्या मुलाला फळ्याकडे बोलवायचे आणि खडू त्याच्या हातात द्यायचे, अगदी तसं. दोघांनी एकदम लिहिलं तर अक्षरांची खिचडी होते, म्हणून आमच्यात नियम आहे, "माझा हात बाजूला" असं म्हटल्याशिवाय दुसऱ्याने लिहायचं नाही. जुन्या टीमक्समध्ये आणखी एक मजा होती. सगळ्यांचा पडदा सर्वांत लहान पडदेवाल्याएवढा व्हायचा. मी एकदा मोबाईलवरून शिरले आणि चार जणांच्या मोठ्या पडद्यांवर काम टपाल तिकिटाएवढं झालं. मागच्या बाकावरच्याला दिसेल तेवढंच लिहायचं, हा नियम तिथेही होता तर.

पण खडू देताना कोणाला देतोय ते बघावं. एका खात्यावरची चौकट कोणाला उघडून दिली म्हणजे त्या खात्याची सगळी ताकद त्याला दिली. एटीएमचं कार्ड आणि पिन एकत्र देण्यासारखं ते आहे. यंत्राच्या मालकाच्या खात्यावर, म्हणजे रूटवर, चौकट उघडून ती कोणाला देऊ नये. फक्त बघायचं असेल तर अटॅच करताना डॅश आर म्हणायचं, मग तुमच्या कळा तिकडे उमटत नाहीत. पण तेही कुलूप नाही, शिस्त आहे, कारण तोच माणूस डॅश आर न म्हणताही आत येऊ शकतो. आणि काम संपलं की चौकट पुसायची. "पुसू नये" लिहून सहा महिने विसरलेला फळा हाही निष्काळजीपणाच.

याचा उपयोग मला खरा कळला २०२१ साली. टाळेबंदीपासून मी शहाद्याच्या घरूनच काम करत होते. एका रात्री नोंदी हलवण्याचंच काम चालू होतं आणि अडीचच्या सुमाराला नानांच्या छातीत दुखायला लागलं. भावाने गाडी काढली. मी लॅपटॉपकडे बघितलं, कंट्रोल-बी, डी, आणि झाकण लावलं. प्रकाशाच्या पुलावरून जाताना फोनवर सहकाऱ्याला एक ओळ पाठवली, "पपई नावाची चौकट आहे, सांभाळ." कामासाठी आमचं एक सामाईक खातं होतं. त्याने खिडकी उघडली. दुसऱ्या पानावर मी नेहमीप्रमाणे लिहून ठेवलं होतं, तीन टप्पे झाले, चौथा चालू, पाचव्याआधी मोजणी करणे. त्याने चौथा होऊ दिला, मोजणी केली, पाचवा केला. मला एकही फोन केला नाही. नंदुरबारला दवाखान्याच्या पायरीवर उजाडताना मी फोनवरून ती चौकट उघडून बघितली. खाली त्याने लिहिलं होतं, "झालं. नाना कसे आहेत?"

नाना बरे आहेत. आज ते इथे आलेले नाहीत, कारण पपईची तोडणी चालू आहे.

२००७ साली मला सांगितलं होतं, घर किंवा नोकरी. त्या रात्री मला निवड करावी लागली नाही. गावातली लाईट सुधारली होती म्हणून नाही. काम माझ्या तारेवर टांगलेलं नव्हतं आणि पलीकडे एक माणूस होता, म्हणून.

आता शेवटचं. हे सांगायला मी परवानगी घेतली आहे, नाव सांगणार नाही. आपल्या वर्गात माझ्याशेजारी बसणारी एक मुलगी होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून सायकलने यायची. गणितात ती माझ्या पुढे होती, आणि हे सरांनाही ठाऊक आहे. प्रमेय अर्धं राहिलं की दुसऱ्या दिवशी सर तिलाच विचारायचे, काल कुठे होतो आपण? दहावी झाली. मी अकरावी सायन्सला गेले, पुढे इंजिनीअरिंगला. तिचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. कुणी वाईट नव्हतं त्यात. कॉलेज लांब होतं, बस एकच होती, धाकट्या बहिणी होत्या. पण तिच्या शिक्षणाभोवती कुणी चौकट आखली नाही. मीही नाही. पुण्याहून सुट्टीत यायचे तेव्हा तिच्या घरावरून जायचे आणि आत जायला लाजायचे. असं अठरा वर्षं.

"कधीही परत येता येतं" हे वाक्य अशा मेळाव्यांत आपण फार सहज म्हणतो. माझा धंदा मला सांगतो की ते खरं नाही. परत तेव्हाच येता येतं, जेव्हा तुम्ही नसताना कुणीतरी ते जपून ठेवलेलं असतं. तिचं कुणी जपलं नाही. ते तिथेच संपलं. त्याला गोड नाव देऊ नये.

पण तिची लेक आज तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी तिच्या आईने मला फोन केला, तिनेच, आधी. म्हणाली, "पोरीला तू करतेस ते शिकव." गावात रेंज येते-जाते. व्हिडिओवर शिकवायला गेलो तर चित्र अडकतं आणि डेटा संपतो. काळ्या पडद्यावर मात्र फक्त अक्षरं जातात-येतात, रेंजची एक काडी असली तरी भागतं. मुंबईतलं एक छोटं यंत्र मी महिन्याच्या भाड्याने घेतलं आहे, त्याच्यावर तिचं स्वतःचं खातं आहे. रविवारी रात्री नऊला ती चौकट उघडते आणि मी डॅश आर म्हणून बघत बसते. खडू तिच्या हातात. मधेच रेंज जाते. पडद्यावर कर्सर लुकलुकत राहतो. पाच मिनिटांनी, कधी वीस मिनिटांनी अक्षरं पुन्हा उमटायला लागतात, अर्ध्या शब्दावरून पुढे. ती कधी "मावशी, सॉरी" म्हणत नाही. म्हणायची गरजच नाही, काही गेलेलं नसतं.

मागच्या महिन्यात तिच्या आईने विचारलं, "ती कुठे अडकली ते तुला न विचारता कसं कळतं?" मी म्हटलं, तू ये आणि बघ. आता रविवारी तीही शेजारी बसते. परवा लेकीने एक हिशोब चुकवला. मी काही लिहिण्याआधीच चूक दुरुस्त झाली. नंतर कळलं, आईने बोट ठेवलं होतं.

मित्रहो, २९ सप्टेंबर २०१० ला देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. त्या यादीत आपण पहिले आलो. त्या याद्या जिथून चालतात त्या काळ्या पडद्यासमोर आपल्या भागातली किती मुलं-मुली आहेत? आपल्या दाखल्यांवर अजून "जिल्हा धुळे" आहे, १ जुलै १९९८ ला जिल्हा वेगळा झाला, त्याला इतकी वर्षं झाली. वाट कुणाची बघायची?

माझी मागणी छोटी आहे. शाळेच्या संगणक खोलीतली यंत्रं या कामाला पुरेशी आहेत, मी काल जाऊन बघितली. भाड्याचं यंत्र मी देते. आपल्या तुकडीतले सहा जण या धंद्यात आहेत, मी मोजले आहेत, आणि आत्ता तुम्ही खाली बघताय तेही मला दिसतंय. प्रत्येकाने एक मूल घ्यायचं, आठवड्याला एक तास. पुण्यात असा, बंगळुरूत असा, नाहीतर न्यू जर्सीत. लिहायचं मुलाने, आपण बघायचं. तार तुटली तर तुटली, पुढच्या रविवारी तिथूनच पुढे. जेवणानंतर ग्रंथालयाच्या दाराजवळ मी वही घेऊन बसणार आहे. नावं तिथे द्या.

आणि सर, तुम्हाला एक विनंती. त्या वहीच्या पहिल्या पानावर, कोपऱ्यात, तुमच्या अक्षरात ते दोन शब्द लिहून द्या.

एवढं बोलून थांबते.